काळ्या लोकरीचा दोरा

सटवाजीबाबा आमच्या व्यायामशाळेत यायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. मागे पंधरा-वीस पोरं-पोरी घाम गाळतायत, कुणी वजन लादलेली गाडी ढकलतंय, कुणी खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन चालतंय, आणि हे सगळ्यांकडे पाठ करून, डोळे मिटून, घोंगडीवर मांडी घालून बसलेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, उन्हाचे टेकलेत. मी पाणी नेऊन दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या खाली ठेवत ते म्हणाले, "निळ्या बुटाचा पोरगा हाय न्हवं, त्याची डावी टाच उशिरा टेकती. त्याला आठ दिस बसव."

मी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात शिकले, माझी पदवी चौकटीत घालून त्याच भिंतीवर टांगलेली आहे, बरोबर त्यांच्या डोक्यावर. मेंढरामागे जन्म काढलेल्या माणसानं माझ्या खेळाडूला बसवायचं म्हणजे जरा अतीच झालं. मी मान डोलावली आणि त्या पोराला आणखी दोन फेऱ्या पळायला लावल्या. सहाव्या दिवशी गाडी ढकलताना त्याच्या डाव्या टाचेमागची जाड शीर तुटली. वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला आणि शेडमधला प्रत्येक माणूस वळला. बाबा तेवढे वळले नाहीत.

पाठ करून बसलेल्या माणसाला बुटाचा रंग कसा कळला, हे मला दोन दिवस खात होतं. शेवटी विचारलंच. "येताना बघितला की," ते म्हणाले. "डोळे हायेत मला." तेव्हा मी हसले. टाचेचं कसं कळलं, ते मात्र विचारायचं धाडस झालं नाही.

परळीच्या कडेला, थर्मल वीजकेंद्राच्या बाजूला, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये माझी व्यायामशाळा आहे. तिथं मी पोरांकडून हायब्रिड रेसची तयारी करून घेते. ज्यांना ही रेस ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. एक किलोमीटर पळायचं, मग एक अंगमेहनतीचं काम करायचं, पुन्हा पळायचं, पुन्हा दुसरं काम, असं आठ वेळा. गाडी ढकलायची, दोरानं ओढायची, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालायचं, शेवटी जड चेंडू भिंतीवर फेकत राहायचं. युसूफ वडगावच्या शीतलनं हे सगळं घरी समजावून सांगितलं तेव्हा तिचे वडील म्हणाले होते, "उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढतोय आमी, त्येला कोन पदक देतंय?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्याकडची निम्मी पोरं ऊसतोडीच्या घरांतली होती आणि अंगात ताकद जन्मापासूनच होती. दुखापती व्हायच्या त्या पळण्यानं, आणि दमल्यावर पळण्यानं तर हमखास.

बाबांची वस्ती शेडच्या मागेच, कडुनिंबाखाली. कळप आता मुलाच्या ताब्यात होता. दिवाळीनंतर मुलगा आणि सून मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी निघायचे, बाबा गेल्या दोन वर्षांपासून मागे राहायचे. काम सुटलं पण कान सुटले नाहीत, असं ते स्वतःच म्हणायचे. "शंभर मेंढरं असली की लंगडं कोन हाय ते डोळ्याला दिसत न्हाई. सगळी एकमेकाला चिकटून चालत्यात. मागनं चालायचं अन् आइकायचं." मग पुढे माझ्याकडे न बघता, "तू लई पुढं उभी ऱ्हातीस, डाक्टरीण."

महिनाभरानं त्यांनी शेजारच्या वीटभट्टीवरून घमेल्यानं राख आणली आणि शेडच्या जमिनीवर लांबलचक पट्टा अंथरला, बारा पावलांचा. मी भांडले. थर्मलच्या चिमणीमुळे आधीच दोरीवरच्या कपड्यांवर राख, पापडावर राख, आता माझ्या शेडमध्येही मुद्दाम राख घालायची? ते ऐकून घ्यायचे आणि कडुनिंबाच्या फांदीनं पट्टा सारखा करत राहायचे. सराव संपला की एकेकानं बूट काढून त्यावरून अनवाणी चालायचं. एकाचे ठसे बघून झाले की फांदी फिरवायची, मगच दुसऱ्यानं पाय ठेवायचा. कुणाच्या पावलावर कुणी पाऊल टाकलेलं त्यांना खपत नसे. सरावाच्या आधी बघितलं तर लवकर उरकेल, असं मी एकदा सुचवलं. "ताजा पाय खोटं बोलतोय," ते म्हणाले. "दमलेल्याला इचार."

हे वाक्य मला पाच वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तपासणी सरावानंतर करू लागले. वाळूची पिशवी कायम एकाच खांद्यावर घेणारा पोरगा राखेत एका बाजूला कलून उमटायचा, त्याला खांदा बदलायला लावला. पळण्याचं अंतर दर आठवड्याला वाढवायची माझी हौस मोडली, तीन आठवडे वाढवून चौथ्याला कमी करायला शिकले. बाबा त्याला "पान्यावर बसवनं" म्हणायचे. मेंढरं पाण्यावर बसवली नाहीत तर मुक्कामाला पोचत नाहीत, पोचली तर दुसऱ्या दिवशी उठत नाहीत. पोरांच्या कुरकुरी कमी झाल्या आणि माझं नाव झालं. लोक म्हणायचे, परळीच्या मॅडमकडे पाय मोडत नाहीत. मीही ते ऐकून घेत होते, कबूल करते.

सगळे गेले की शेवटी बाबा स्वतः त्या पट्ट्यावरून चालायचे. मी हे दोनदा पाहिलं, कुलूप लावायला आले होते तेव्हा. बारा पावलं चालून ते वळायचे, आपलेच ठसे जरा वेळ बघायचे, आणि फांदीनं पुसून टाकायचे. म्हातारा टापटिपीचा आहे, एवढंच माझ्या मनात आलं.

एकदा पंखा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन आला होता, हट्टाकट्टा माणूस. शिडी घेऊन तो चुकून त्या पट्ट्यावरून गेला. बाबांनी राख सारखी केली नाही. त्याच्या बुटांच्या ठशांकडे बघत बसले, मग त्याला विचारलं, घरी कोण कोण असतं, पोरं केवढी आहेत. त्यानं हौसेनं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात त्याचं अर्धं अंग लुळं पडल्याचं कळलं. मी बाबांवर भडकले. तुम्हाला दिसलं होतं तर बोलला का नाहीत?

त्यांनी फांदी उचलून पट्टा सारखा केला. मग म्हणाले, "बोललो व्हतो एकदा." बायकोबरोबर मेंढरं घेऊन घाट उतरत असताना तिच्या पावलाचा आवाज त्यांना वेगळा आला आणि ते सहज बोलून गेले की तुझा पाय काही खरा नाही. तिसऱ्या दिवशी त्याच घाटात ती घसरली आणि गेली. "बारकंसारकं आसंल तर सांगतो. मोठं असलं की तोंडानं म्हनायचं न्हाई. म्हनलं की व्हतंय." मी त्यांना समजावलं की पाय खरा नव्हता म्हणूनच त्या घसरल्या, बोलण्यानं काही होत नाही. त्यांनी माझ्या पदवीकडे वर पाहिलं आणि घोंगडी झटकली. निघताना एवढंच म्हणाले, "कपाळावर सटवाई लिवती ते कुनाला वाचता येत न्हाई. पायाखालचं येतंय. वाचता आलेलं लई वाईट."

शीतलवर त्यांचा विशेष जीव होता. तीही त्यांच्यासारखीच कमी बोलणारी. एकवीस वर्षांची, बोरीच्या लाकडासारखी चिवट. मुंबईच्या रेसमध्ये ती पहिल्या पाचात आली तर पुण्यातल्या एका मोठ्या जिमचे मालक तिला प्रशिक्षक म्हणून घेणार होते. नाही तर दिवाळीनंतर आईबरोबर ऊसतोडीच्या फडावर जायचं हे तिच्या घरी ठरलेलं होतं. रेसला महिना असताना तिचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. थोडंसंच आहे, म्हणाली. एक्स-रे काढला, स्वच्छ होता. मी गुडघ्याला पट्ट्या चिकटवल्या, मांडीचे व्यायाम दिले, बर्फ लावायला सांगितलं. सगळं पुस्तकात आहे तसं केलं.

मुंबईला निघायच्या तीन दिवस आधी सराव संपवून ती राखेवरून चालली. बाबांनी तिला परत चालायला लावलं, मग आणखी एकदा. असं त्यांनी आजवर कुणालाच केलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांनी घोंगडीच्या घडीतून काळ्या लोकरीचा धागा काढला, मांडीवर वळला आणि खाली बसून तिच्या उजव्या घोट्यावर बांधला. गाठ दोनदा ओढून पक्की केली.

शीतलचे डोळे भरून आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे पायात काळा दोरा म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं, कुणाची नजर लागू नये म्हणून बांधतात. माझ्या स्वतःच्या भाचीच्या पायात आहे. मला वाटलं, म्हाताऱ्यानं तोंड उघडलं नाही पण लेकीला आशीर्वाद दिला. मी त्या दोऱ्याचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वस्तीवर गेले. बाबा शेडकडे फिरकले नव्हते आणि शीतलला निघण्याआधी त्यांच्या पाया पडायचं होतं, ते सांगायचं होतं. ते निंबाखाली झोपले होते, भर उन्हाचं पायापर्यंत घोंगडं ओढून. त्यांची सून भागाबाई निघायच्या तयारीत सामान बांधत होती. मी कौतुकानं तिला फोटो दाखवला.

तिनं फोन हातात घेतला नाही. लांबूनच बघितलं. "कुनी बांधलं ह्ये?"

"बाबांनी."

"मानसाला?" तिनं सासऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, काळी लोकर आमी कळप हलायच्या आधी बांधतो. जे मेंढरू वाटंत मोडनार त्येच्या पायाला. त्येला न्यायचं न्हाई, मागं ठिवायचं. तोंडानं कुनी म्हनत न्हाई, म्हनून बांधायचं."

मी बाबांजवळ जाऊन बसले. डोळे मिटलेले होते पण झोपलेले नव्हते, ते श्वासावरून कळत होतं. मी विचारलं, बाबा, कुठं? गुडघा ना? घोंगड्याच्या आत त्यांचा हात सरकताना दिसला. तो गुडघ्याकडे गेलाच नाही. खुब्यावर येऊन थांबला.

मी पळतच शेडमध्ये आले. खुब्याचं हाड चिरत चाललं की दुखणं पुष्कळदा गुडघ्यात येतं, आणि ती चीर सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, त्याला पैकीच्या पैकी गुणही होते. शीतलला सरावावरून थांबवलं आणि झोपवून तिचा पाय अलगद आत वळवला. दुखतंय का, विचारलं. नाही, म्हणाली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. पण मी चेहरा सोडून खाली पाहिलं. तिच्या पायाची बोटं आवळली गेली होती.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा भिंतीकडे तोंड करून बसले आणि तिला राखेवरून हळू चालायला सांगितलं. डोळे मिटले. थर्मलची घरघर, मग तिची पावलं. आधी काहीच कळेना. सातव्या-आठव्या पावलाला ऐकू आलं. उजवं पाऊल टेकत होतं आणि लगेच उचललं जात होतं, तव्यावर पडल्यासारखं.

"किती दिवस झाले, शीतल?"

"दीड महिना."

"मला का नाही सांगितलंस?"

"दुखतंय म्हनलं की खाडा पडतोय, ताई," ती म्हणाली. "आमच्यात कुनी म्हनत न्हाई." कामाचा दिवस बुडाला की त्याला फडावर खाडा म्हणतात, आणि तो पोरीच्या अंगात इतका मुरला होता की हाड चिरेपर्यंत तिनं तोंड उघडलं नव्हतं. मुंबईला जायचं नाही, असं मी सांगितलं. ती माझ्याशी भांडली नाही. घोट्याचा दोरा तोडायला गेली, तो तुटला नाही, तेव्हा रडायला लागली. ती बाहेर गेल्यावर मी फांदीनं पट्टा सारखा केला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. हे मी पुन्हा पुन्हा आठवून लिहिते आहे, कारण पुढच्या गोष्टीसाठी ते महत्त्वाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला लातूरला नेलं आणि एमआरआय केला. खुब्याच्या हाडाच्या मानेत चीर होती. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी एक किलोमीटरही पळवू नका, हाड सरकलं तर जन्माचं लंगडणं. सहा आठवडे कुबड्या, सहा महिने पळायचं नाही. परतीच्या गाडीत शीतल खिडकीबाहेर बघत होती. मला दु:ख होत होतं आणि लाजही वाटत होती, कारण तीन आठवडे मी तिच्या धडधाकट गुडघ्यावर बर्फ लावत होते. ठरवलं की आधी बाबांकडे जायचं, त्यांच्या पायावर डोकं ठेवायचं आणि सांगायचं, तुम्ही म्हणाला नाहीत तरी आम्हाला ऐकू आलं.

वस्तीवर कळप जागेवरच होता. सगळी मेंढरं निंबाकडे पाठ करून उभी होती आणि एकही ओरडत नव्हतं. बाबा पहाटेच गेले होते. मुलगा तोंड झाकून बसला होता. भागाबाईनं घोंगडं पायावरून बाजूला केलं. बाबांच्या डाव्या घोट्याला काळ्या लोकरीचा दोरा होता. मळलेला, जुना. महिनाभराचा तरी असावा.

त्यांनी तो कधी बांधला, घरात कुणाला माहीत नव्हतं. दोन वर्षं हा माणूस रोज माझ्यासमोर बसत होता, आणि मी, जिचा धंदाच पाय बघायचा, तिनं एकदाही त्यांच्या पायाकडे पाहिलं नाही. साऱ्या गावाची पावलं ऐकणाऱ्याचं पाऊल कुणी ऐकलं नाही. शीतल कुबड्या टाकून खाली बसली आणि त्यांच्या घोट्यावर हात ठेवून मोठ्यानं रडली. तिला तसं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेड उघडली. राखेच्या पट्ट्यावर ठसे होते. अनवाणी, मोठे, मधलं बोट जरा लांब. उजवं पाऊल पुरतं उमटलेलं. डाव्याची फक्त बोटं आणि चवडा, टाच कुठेच नाही. बारा पावलं भिंतीपर्यंत गेली होती, त्यांच्या बसायच्या जागेपर्यंत, आणि तिथून परत आलेली नव्हती. किल्ली माझ्या पर्समध्येच होती. मागच्या खिडकीची काच फुटकी आहे, तिथून मांजर येतं, माणूस येऊ शकत नाही. मी स्वतःला सांगितलं की मी फांदी नीट फिरवली नसेल, हे आधीचे असतील. ती गोष्ट आजही मला पटलेली नाही. मी ते ठसे पुसले नाहीत. राख आपोआप बसत गेली आणि ते आपोआप गेले.

शीतल रेसला गेली नाही, फडावरही गेली नाही. पुण्याची जागा दुसरीला मिळाली. मी तिला माझ्याकडे ठेवून घेतलं, आणि कुबड्या सुटेपर्यंत ती रोज भिंतीकडे तोंड करून बसत राहिली. मी तिला कधीच बस म्हटलं नव्हतं. आता ती चांगली चालते, थोडी पळतेही, आणि पोरांच्या पावलांचं तिला माझ्या आधी कळतं. नवीन आलेल्या प्रत्येकाला ती एकच नियम सांगते, दुखलं तर त्याच दिवशी बोलायचं, इथं खाडा पडत नाही. काळी लोकर आम्ही कुणालाच बांधत नाही.

परवा सराव संपला, पोरं गेली. मी पर्स उचलली तेव्हा ती म्हणाली, "ताई, एकदा तुमी चाला." मी हसले. चप्पल काढली आणि राखेवरून बारा पावलं चालून गेले. मागे वळून पाहिलं तर ती उकिडवी बसून ठसे बघत होती. फांदी तिच्या हातात होती. मला वाटलं, ती आता फिरवणार आणि काही न्हाई म्हणणार.

तिनं फांदी बाजूला ठेवली.

"बाबा बोलले न्हाईत," ती म्हणाली. "मी बोलनार. तुमची डावी टाच टेकत न्हाई, ताई. उद्याच्या उद्या लातूरला जाऊ. मी येते संगं."